सोसायटीचा मेंटेनन्स ठरवायचा कसा, आणि सरकारी अनुदान मुरवायचं कुठे?

मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेत मागच्या खुर्च्यांवरून एक प्रश्न हमखास येतो : "घर आमचं, मग दर महिन्याला हे भाडं कसलं?" पुण्यातल्या चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत खजिनदार म्हणून मी हा प्रश्न दरवर्षी ऐकला आहे. सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, प्रश्न योग्यच आहे, फक्त त्याचं उत्तर कुणी नीट दिलेलं नसतं.

आपल्याकडच्या सहकारी घरांची सुरुवातच भाड्यापासून झाली. १९१५ साली मुंबईत गामदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सहकार चळवळीतले रावबहादूर तल्माकी त्यामागे होते. जागा संस्थेची, इमारत संस्थेची आणि सभासद एकाच वेळी तिचा भागीदार आणि भाडेकरू. 'भाडेकरू सहभागीदारी' हा शब्द महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांचा एक प्रकार म्हणून आजही आहे. घरमालक भाडं बाजार बघून ठरवतो. सोसायटीला बाजाराशी देणंघेणं नाही. इमारत चालवायला आणि टिकवायला जेवढा खर्च येतो, तेवढाच तिने सभासदांकडून घ्यायचा असतो. म्हणून मेंटेनन्स ठरवणं म्हणजे खरा खर्च शोधणं. यात सगळ्यात जास्त गोंधळ घालतं ते सरकारी अनुदान. एकदाच आलेला पैसा बघून दरमहाचा आकडा खाली आणायचा मोह होतो, आणि आमच्याकडे आम्ही तो आवरला नाही. ते पुढे सांगते.

आधी कागद काढा

कपाटातून तीन गोष्टी काढून टेबलावर ठेवा : तुमच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी (म्हणजे संस्थेची नियमावली), मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रकं आणि बारा महिन्यांची वीजबिलं. शेजारच्या सोसायटीत काय घेतात ते विचारायला जाऊ नका, त्यांच्या लिफ्ट वेगळ्या, पाणी वेगळं.

बहुतेक संस्थांनी २०१४ चे आदर्श उपविधी, म्हणजे सहकार खात्याची नमुना नियमावली, स्वीकारलेले आहेत, म्हणून पुढचं सगळं त्यांच्या आधाराने लिहिते आहे. तुमचे उपविधी जुने असतील तर आकडे तुमच्या पुस्तकातलेच धरा. आणि एक खात्री आधीच करून घ्या : तुमची इमारत सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट? अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालकीत ज्याचा जेवढा टक्का त्याच्या, प्रमाणात वाटला जातो, सोसायटीत नाही. दोन्हींची सरमिसळ करून वर्षानुवर्षं भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

कुठला खर्च कसा वाटायचा

सगळा खर्च एका आकड्यात कोंबून "दर चौरस फुटाला इतके रुपये" असं लावणं सोपं वाटतं. बिल्डरच्या ताब्यात इमारत असताना तेच चालतं. सोसायटीत ते बसत नाही. उपविधींनी प्रत्येक खर्चाला वाटणीची वेगळी रीत दिली आहे.

सेवाशुल्क सगळ्यांना समान. यात वॉचमन, सफाई, जिन्यातले आणि आवारातले दिवे, कार्यालयाचा खर्च, हिशेबनीस, ऑडिट फी हे सगळं येतं. इथेच सभेत आवाज चढतो. वन बीएचकेवाले म्हणतात, "आमचं घर लहान, आम्ही तेवढेच पैसे का द्यायचे?" पण रात्री वॉचमन जागतो तो लहान घरासाठी कमी जागत नाही आणि मोठ्यासाठी जास्त नाही. व्हीनस सोसायटीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सेवांचे आकार क्षेत्रफळाप्रमाणे न लावता समान लावण्याच्या बाजूनेच कौल दिला आहे. त्यामुळे यावर मतदान घेत बसू नका. नियम वाचून दाखवा आणि पुढे जा.

लिफ्टचा खर्चही समान, तळमजल्यासकट. वार्षिक देखभाल करार, दुरुस्ती आणि लिफ्टची वीज त्यात धरायची. तळमजल्यावरचे काका दरवर्षी विचारतात, त्यांना दरवर्षी तेच उत्तर शांतपणे द्यावं लागतं.

पाणी नळांच्या जोडण्यांवर. घरात माणसं किती हे मोजायचं नाही, घरात येणारे नळ किती आणि केवढ्या आकाराचे हे मोजायचं. टँकरचे पैसे याच सदराखाली टाका. आमच्याकडे ते 'इतर खर्चा'त जायचे. तिथून काढून पाण्यात टाकल्यावर पहिल्यांदा लोकांना कळलं की मे महिन्यात आपण किती पाणी विकत घेतो.

दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) बांधकामखर्चावर. दुरुस्ती निधी वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. टक्केवारी काढायची ती सदनिकेच्या बांधकामखर्चावर. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही आणि तुम्ही घर घेताना मोजलेली किंमत तर मुळीच नाही. वास्तुविशारदाकडून बांधकामखर्चाचा आकडा लेखी घेऊन ठेवा. इथे घर मोठं तर वाटा मोठा, त्यामुळे वन बीएचकेवाल्यांची तक्रार इथे आपोआप मिटते.

मिळकतकर महापालिका आकारेल तसा. बिल घरोघरी वेगळं येत असेल तर मेंटेनन्समध्ये त्याला जागाच नाही. पार्किंगचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. विम्याचा हप्ता, शिक्षण आणि प्रशिक्षण निधी, निवडणूक निधी ही रक्कम लहान असते, पण बिलावर वेगळ्या ओळीत दिसू द्या.

राहिलं भाड्याने दिलेलं घर. सभासद स्वतः राहत नसेल आणि घर भाड्याने दिलं असेल तर नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे कागदावरचं बिनभोगवटा शुल्क, लावता येतं. पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात ती कायम ठेवली. भाडं पंचवीस हजार येतं म्हणून त्याचे दहा टक्के मागणाऱ्या कमिट्या अजून आहेत. तसं करता येत नाही. घरात आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण असे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क मुळीच नाही.

एक पूर्ण हिशेब

हवेत बोलण्यापेक्षा आकडे मांडते. समजा चाळीस सदनिका आहेत, त्यांतल्या वीस ६०० चौरस फुटांच्या आणि वीस ९०० च्या.

वॉचमन ३०,०००, सफाई १४,०००, सामाईक वीज २२,०००, हिशेब आणि ऑडिट ५,०००, बाग आणि किरकोळ ३,०००. महिन्याला एकूण ७४,०००. भागिले चाळीस, म्हणजे घरटी १,८५० रुपये सेवाशुल्क. या हिशेबाने नॉन-ऑक्युपन्सी झाली फक्त १८५ रुपये.

लिफ्टचे महिन्याला १२,००० धरले तर घरटी ३००.

पाण्यावर सरासरी २७,०००. लहान घरांत चार नळ आणि मोठ्यांत पाच, सगळे एकाच आकाराचे, असे एकूण १८० नळ. नळामागे १५०, म्हणजे लहान घराला ६०० आणि मोठ्याला ७५०.

बांधकामखर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला तर लहान घराचा १२ लाख, मोठ्याचा १८ लाख. लहान घराला सिंकिंग फंड वर्षाला ३,०००, महिन्याला २५०. दुरुस्ती निधी वर्षाला ९,०००, महिन्याला ७५०. मोठ्या घराला हेच ३७५ आणि १,१२५.

बेरीज : लहान घर ३,७५०, मोठं घर ४,४००.

याची तुलना सपाट दराशी करून बघा. सोसायटीची महिन्याची गरज आहे १,६३,०००. ती क्षेत्रफळावर वाटली तर लहान घराला ३,२६० येतील आणि मोठ्याला ४,८९०. म्हणजे मोठ्या घरातला माणूस दरमहा जवळपास पाचशे रुपये जास्त भरतो आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे गेला तर जिंकतो. कमिटीला मागचे सगळे हिशेब उलटे फिरवावे लागतात, ते काम कुणाच्याही नशिबी येऊ नये.

जीएसटीबद्दल थोडक्यात. घरटी महिन्याला ७,५०० च्या आत असाल तर काळजी नाही. त्यावर गेलात, पण संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तरीही कर लागत नाही. दोन्ही मर्यादा ओलांडल्या तरच विषय सुरू होतो. तेव्हा मात्र सीए गाठा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोस्टवर जाऊ नका.

अनुदान कुठून येतं

सोसायटीच्या उभ्या इमारतीला सरकारकडून मिळणारं आजचं सगळ्यात उपयोगाचं अनुदान म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना, म्हणजे छपरावरच्या सौर पॅनेलसाठीचं केंद्राचं अनुदान. लोकांना ७८,००० रुपयांचा आकडा माहीत असतो, पण तो स्वतंत्र घराच्या छपरासाठी आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी, हिशेब निराळा : दर किलोवॅटला १८,००० रुपये. घरटी ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट ही वरची हद्द. कुणी सभासदाने स्वतःच्या नावावर छपरावर पॅनेल लावली असतील तर तीही या हद्दीत मोजली जातात.

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवण्याच्या प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. ही सूट प्रत्येक सदनिकाधारकाच्या बिलात येते, सोसायटीच्या खात्यात नाही. पण खड्डा साफ करायचा, फिल्टर बदलायचा खर्च सोसायटीच्या खात्यातून जातो. हे सभेत सांगा. मेंटेनन्समध्ये पन्नास रुपये वाढले तर करात किती वाचले हे शेजारी मांडून दाखवलं की विरोध मावळतो.

घर बांधतानाच मिळणारं अनुदान ही वेगळी गोष्ट. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीतली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला सुपूर्द झाली. प्रधानमंत्री आवास योजनेतून अशा घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख येतो, बाकीचे कामगाराचे. एवढं मोठं काम सहकारातून उभं राहू शकतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या अडीच लाखांत पाण्याच्या पंपाचं पुढचं वीजबिल नसतं. किल्ली हातात आल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तिथेही हाच वर मांडलेला हिशेब करावा लागतो, आणि तिथे तर एकेक रुपया जपून.

सोलरचं काम पायरीपायरीने

पहिली पायरी, सामाईक मीटरचं वीजबिल हातात घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. आमच्या बिलावर सोसायटी नोंदवून इतकी वर्षं झाली तरी बिल्डरचंच नाव होतं. कधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण पैसे भरताना आपण फक्त ग्राहक क्रमांक बघतो. नाव बदलून घेण्यातच आमचे अडीच महिने गेले. बिलावर, बँक खात्यावर आणि नोंदणी प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. 'मर्यादित' एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरही कागद परत येतात. त्याच बिलावर दर निवासी लागला आहे की व्यापारी, हेही बघून घ्या. सामाईक सोयींना निवासी दरच लागतो.

मग बारा महिन्यांची युनिटं मांडा. एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिटं धरा. तेवढ्यावरून किती किलोवॅट हवेत ते निघेल. छप्पर मोठं आहे म्हणून मोठा प्रकल्प लावू नका. टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली दुपारी तीन वाजता कुठपर्यंत येते, ते स्वतः गच्चीवर जाऊन डिसेंबरात बघा.

सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा : किती किलोवॅट, पैसे कुठून, अनुदान आल्यावर त्याचं काय करायचं आणि बिलातली बचत कुठे जाणार. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक ठरावांत नसतात. पैशांबाबत एक पथ्य : सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो पुनर्बांधणी आणि वास्तुविशारदाने दाखला दिलेल्या मोठ्या कामांसाठी राखलेला असतो. संस्थेकडे शिल्लक वाढावा असेल तर तो वापरा, नाहीतर वेगळी वर्गणी काढा.

त्यानंतर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर गृहनिर्माण संस्था या वर्गात नोंदणी करायची आणि नोंदणीकृत ठेकेदारांकडूनच किमान तीन दरपत्रकं घ्यायची. पॅनेल भारतात बनलेल्या सेलची असतील तरच अनुदान मिळतं, म्हणून करारात तसं लिहून घ्या. जोडणी झाली की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा), वीज कंपनीची तपासणी, आणि मग पोर्टलवर बँकेचा तपशील. अनुदान थेट संस्थेच्या खात्यात येतं. "अनुदान वजा करून उरलेले द्या, बाकीचं आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. आधी पूर्ण पैसे संस्थेने मोजायचे असतात, त्याची तजवीज आधी हवी.

आलेले पैसे मुरवायचे कसे

आता आमची चूक. आम्ही १० किलोवॅटचा प्रकल्प केला. सोयीसाठी गोल आकड्यांत सांगते : खर्च सहा लाख, म्हणजे घरटी १५,००० वर्गणी. अनुदान आलं १,८०,०००. एप्रिलमध्ये प्रकल्प सुरू झाला, पहिलं बिल जवळजवळ फक्त स्थिर आकाराचं आलं आणि सगळे खूश. मे महिन्याच्या सभेत दोन निर्णय झाले. घरटी ४,५०० परत करायचे, आणि १३,००० रुपयांची मासिक बचत धरून मेंटेनन्स ३२५ ने कमी करायचा. मीच आकडे मांडले होते.

जुलैत आठवडाभर ऊन दिसलं नाही. बिल पुन्हा वर गेलं. एप्रिल-मेमधली शिल्लक युनिटं पुढे ओढली जातात, पण आमची ऑगस्टपर्यंत संपली. पुढच्याच वर्षी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, बंद पडला. हमी होती, पण विजेच्या झटक्याने झालेलं नुकसान हमीत बसत नाही असं उत्तर मिळालं. त्या दुरुस्तीसाठी आमच्याकडे एक रुपया बाजूला काढलेला नव्हता. पुन्हा घरटी वर्गणी मागायला मी दारोदार फिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनवर जगणाऱ्या आजींनी काही न बोलता पाकीट उघडलं, ते मला अजून आठवतं. त्यांना परत दिलेले पैसे जपून ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

म्हणून आता सांगते ते असं करा. अनुदान उत्पन्न-खर्च पत्रकात जमेला धरू नका. ऑडिटरशी बोलून ते प्रकल्पाच्या किमतीतून वजा दाखवा किंवा वेगळा राखीव निधी करा, आणि रोख रक्कम मुदतठेवीत टाका. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावाच लागतो, ही ठेव त्यासाठी. बचतीचा आकडा पूर्ण वर्षाच्या, पावसाळ्यासकट, बिलांवरून काढा. तोपर्यंत मेंटेनन्स तसाच ठेवा. वर्षाअखेर बचत खरोखर महिन्याला १३,००० निघाली तर घरटी ३२५ मधले २०० सभासदांना कमी करा आणि १२५ सौर देखभाल निधीत वळवा. चाळीस घरांचे वर्षाला साठ हजार होतात. पॅनेल धुणं, विमा, वायरिंग यातून निघतं आणि कुणाच्या दारावर जावं लागत नाही.

बिलात ३२५ कमी झाल्याचा आनंद महिनाभर टिकतो. तोच आकडा पुन्हा वाढवायला सभा घ्यावी लागते, तेव्हा कुणालाच तो आनंद आठवत नसतो.

थकबाकी

दर कितीही नेमका काढला तरी पाच घरांनी भरला नाही तर बाकीची पस्तीस घरं त्यांचा भार उचलतात. बिल दिल्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत की सभासद थकबाकीदार ठरतो. व्याज सरळ व्याजाने, सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने लावा. २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याची कमाल २१ टक्के आहे. व्याजावर व्याज लावू नका. नोटीस द्या आणि तरीही पैसे आले नाहीत तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घ्या. नळ तोडणं, लिफ्ट बंद करणं, फलकावर अपमानास्पद मजकूर लावणं, यांतलं काहीही करू नका. केस संस्थेच्या अंगावर येते. आणि नोटीस पाठवण्याआधी एकदा घरी जाऊन या. आमच्याकडच्या तीन थकबाकींपैकी एक आजारपणाची निघाली, तिला कमिटीने हप्ते बांधून दिले.

वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारीत बारा महिन्यांची बिलं मांडून अंदाजपत्रक करा. तेव्हाच इमारतीचं वय बघा : पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी, तिशी ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी करावं लागतं. त्याच्या अहवालात जो दुरुस्तीखर्च येईल त्याला ०.७५ टक्के पुरत नसतील तर दर वाढवा, ती किमान मर्यादा आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. नवा दर तिथे ठरला की ऑक्टोबरच्या बिलापासून लावा, मागच्या तारखेपासून नको.

आणि बिल एका ओळीचं छापू नका. आमच्या बिलावर आता नऊ ओळी असतात, सगळ्यात खाली 'सौर देखभाल निधी : १२५' आणि त्याच्या शेजारी त्या निधीत आजवर साठलेली रक्कम. गेल्या सभेत "हे भाडं कसलं" असा प्रश्न आला तेव्हा मी काही बोलायच्या आत मागूनच कुणीतरी म्हणालं, "बिल उलगडून बघा ना."